काळ्या जमिनीवरची बाग: जळगावच्या एका ओपन स्पेसच्या कामाच्या नोंदी

८ एप्रिल, मोजणी

महामार्गापलीकडच्या एका कॉलनीची ओपन स्पेस. मधोमध महादेवाचं मंदिर, दोन जुने कडुनिंब, एक करंज आणि बाकी उघडी काळी जमीन. बागा आखण्याच्या इंटर्नशिपमध्ये आतापर्यंत दुसऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये झाडांचे गोल भरायचं काम होतं. इथे बाग करायचं हे काम मॅडमनी मोजणीपासून ताबा देईपर्यंत माझ्याकडे सोपवलं आहे. या नोंदी खान्देशात असं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी. पुण्या-मुंबईच्या जमिनीवर जे चालतं ते इथल्या मातीत आणि उन्हात चालेलच असं नाही, आणि हे आधी सांगणारं कोणी नसतं.

लेआउटच्या नकाशात जागा ६२ बाय ३८ मीटरचा आयत आहे. दोन्ही कर्ण मोजले तर त्यांच्यात १.४ मीटरचा फरक निघाला. म्हणजे काटकोन नाहीच. चारही बाजू मोजून समाधान मानलं असतं तर हे कळलंच नसतं. कर्ण घेतल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं समजू नका.

दुसरी गोष्ट सलग मापांची. गेटपासून खांब, खांबापासून झाड, झाडापासून ओटा अशी तुकड्यातुकड्यांनी मापं घेतली की प्रत्येक तुकड्यातली चूक पुढे जमा होत जाते. टेपचा शून्य एका जागी धरायचा आणि सगळी मापं त्याच शून्यापासून वाचायची. कंपाउंडची भिंत सरळ दिसते पण सरळ नसते, त्यामुळे तिच्यापासून मापं घेतली नाहीत. मंदिराच्या ओट्याचे दोन कोपरे पक्के धरले.

जुन्या झाडांची नोंद: बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, पसारा चारही दिशांना वेगवेगळा, आणि बुंध्यापाशी जमिनीची पातळी. या पातळीचं महत्त्व भराव टाकताना कळतं. बुंध्याभोवती फूटभर माती चढली की जुना कडुनिंबसुद्धा हळूहळू खंगतो.

१० एप्रिल, कागद

मापं ऑटोकॅडमध्ये चढवली. १:१०० ला ६२ मीटर म्हणजे कागदावर ६२ सेंटिमीटर, आणि ए-२ कागद ५९.४ चा. नकाशा बसेना. १:२०० केला तर ३१ सेंटिमीटर होतो, ए-३ वरसुद्धा बसतो आणि मोटारसायकलवर नेता येतो. साइटसाठी तोच ठेवला. बारकाव्यांची ड्रॉइंग वेगळी काढायची.

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट घेताना 'फिट टू पेपर' चालू राहिलं होतं. नकाशा थोडासा आक्रसला. डोळ्यांना कळत नाही, पण मिस्त्री पट्टी लावून मोजतात आणि सगळं चुकतं. आता प्रत्येक कागदावर आखीव मोजपट्टी काढते, कागद आक्रसला की तीही आक्रसते. दुकानातून निघण्यापूर्वी ती पट्टीने तपासायची.

१४ एप्रिल, लेव्हल

डम्पी लेव्हल (जमिनीचा उंच-सखलपणा मोजायची दुर्बीण) भाड्याने मिळत होती, पण मॅडमनी पाण्याच्या नळीनेच लेव्हल घ्यायला लावली. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन माणसं. नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी वाचन दोन-तीन सेंटिमीटरने फसतं. नळी लांब पसरून, एक टोक उंच धरून सगळे बुडबुडे निघेपर्यंत थांबायचं. सकाळी सातला सुरू केलं, अकरानंतर जमिनीवर उभं राहवेना.

ईशान्य कोपऱ्यापासून नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंत ४८ सेंटिमीटर उतार. मंदिराच्या मागच्या भिंतीवर गेल्या पावसाळ्यातल्या चिखलाची रेघ अजून आहे, तीही नकाशावर घेतली. अशी रेघ दिसली की लगेच मोजून ठेवावी, रंगकाम झालं की ती जाते.

१६ ते १८ एप्रिल, खड्डा

या तीन दिवसांत जे कळलं त्याने पुढचं निम्मं काम ठरलं.

मीटरभर खोल खड्डा घेतला. वर ८० सेंटिमीटर काळी माती, खाली पांढुरकी चुनखडी मिसळलेला मुरूम. मग पाणी कसं जिरतं ते बघायला फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा करून पाण्याने भरला. काही मिनिटांत रिकामा! कागदावर 'निचरा उत्तम' असं लिहूनही झालं होतं.

मॅडमनी फक्त खड्ड्याच्या कडेला हात लावायला सांगितला. एप्रिलमध्ये काळ्या जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पाणी मातीत जिरलं नव्हतं, भेगांमधून खाली गेलं होतं. त्याच खड्ड्यात पुन्हा पाणी ओतत राहिलो. माती फुगली, भेगा मिटल्या, आणि संध्याकाळी भरलेला खड्डा सकाळीसुद्धा अर्धा भरलेला होता. पावसाळ्यात जमीन अशीच वागणार. उन्हाळ्यात चाचणी घेत असाल तर आधी माती पूर्ण भिजवून फुगू द्या, मगच घड्याळ लावा. पहिल्या भरणीचा आकडा लिहूच नका.

मातीच्या ढेकळावर पातळ आम्लाचे थेंब टाकले, चांगलाच फेस आला. चुना भरपूर. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इक्झोरा आणि अनंत ही झुडपं लागवडीच्या यादीतून काढली. दरवर्षी लोहाची औषधं घालत बसायला कॉलनीकडे ना माणूस आहे ना पैसा.

२४ एप्रिल, सावली

बाकडी कुठे ठेवायची ते संगणकावर ठरवलं होतं, आज जमिनीवर तपासलं. कॉलनीतली म्हातारी माणसं संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाहेर पडतात. तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं. नऊ मीटर उंचीच्या कडुनिंबाची सावली चारला पूर्वेकडे अकरा मीटरपर्यंत आणि पाचला जवळजवळ एकोणीस मीटरपर्यंत पोहोचली. चार वाजता एकदा आणि पाच वाजता एकदा सावलीच्या कडेने फक्की ओढली. दोन्ही आकृत्या जिथे एकमेकींवर येतात तिथे बाकडी. ड्रॉइंगमध्ये ती झाडाच्या पश्चिमेला दाखवली होती, कारण तिथून मंदिर समोर दिसतं. तिथे बसणाऱ्याच्या तोंडावर सरळ ऊन आलं असतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखालीच राहते. त्यामुळे दुपारच्या सावलीवर काही ठरवण्यात अर्थ नाही. जळगावच्या मे महिन्यात दुपारी बागेत तसंही कोणी येत नाही.

२९ एप्रिल, आखाजीच्या तोंडावर

मजूर गावी गेले. इथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काम चालेल असं वेळापत्रकात धरूच नये. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, घरोघरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. शेतातल्या सालदारांचं वर्षही याच सणाला संपून नवं सुरू होतं, त्यामुळे कोण कुणाकडे राहणार याची बोलणी चाललेली असतात. आठवडाभर माणूस मिळणं कठीण. तसंच जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सातपुड्याकडचे मजूर पेरणीला परत जातात. म्हणजे खोदाईसाठी आखाजी ते मृग एवढीच खिडकी. वेळापत्रक आता तारखांऐवजी या दोन टोकांवरून आखलं आहे.

रिकामा वेळ अंदाजपत्रकात घातला.

६ मे, ब्रासचा हिशेब

पायवाट १४० मीटर लांब, दीड मीटर रुंद, खाली २० सेंटिमीटर मुरूम. हिशेबाने ४२ घनमीटर. मुरूम मिळतो ब्रासवर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. १५ ब्रासची मागणी दिली आणि मुरूम कमी पडला. ४२ घनमीटर हे रोलर फिरल्यानंतरचं माप आहे, डंपरमधून येतो तो सुटा मुरूम. पाणी मारून दाबला की बसतो. त्यासाठी तीस टक्के जास्त धरायला हवा होता, म्हणजे साडेएकोणीस ब्रासच्या आसपास. उरलेल्यासाठी पुन्हा गाडी बोलावली, आमच्याकडे ब्रासला २,२०० रुपये पडले. पैशापेक्षा दिवस जास्त गेले, कारण त्या आठवड्यात डंपर सगळे रस्त्याच्या कामावर होते.

आता अंदाजपत्रकात प्रत्येक भरावापुढे दोन रकाने आहेत: बसलेलं माप आणि सुटं माप.

१५ मे, पायवाट

मिस्त्रींचं म्हणणं होतं की वरची माती सपाट करून, कच पसरून पेव्हर लावून टाकू. त्यांना पलीकडच्या गल्लीतली पायवाट दाखवायला नेलं. ती तशीच केलेली होती. दोन पावसाळ्यांत मधला भाग वर आलेला, कडा खचलेल्या, एका म्हाताऱ्या आजी तिथे काठी टेकवत सांभाळून चालत होत्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते, आणि वर जे काही ठेवलंय ते तिच्याबरोबर हलतं. मिस्त्रींनी मग वाद घातला नाही.

आम्ही फूटभर खोदलं. तळ पाणी मारून दाबला. मुरूम दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. वर पाच सेंटिमीटर कच, मग पेव्हर. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, नाहीतर पेव्हर बाजूला सरकतात. आडवा उतार दीड टक्का, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या चराच्या बाजूला. खोदताना निघालेली काळी माती सगळी एका कोपऱ्यात साठवली, झाडांच्या खड्ड्यांसाठी तीच लागणार आहे. ती फुकट नेणारे बरेच येतात, देऊ नका.

१९ मे

पायवाटेचा पंचवीस मीटरचा तुकडा उघडावा लागला. ठिबकची नळी आणि दिव्याची वायर पलीकडे न्यायला खालून पाइप टाकायचे राहिले होते, कारण पायवाटेचं आणि ठिबकचं ड्रॉइंग वेगवेगळ्या फाइलमध्ये होतं आणि दोन्ही एकावर एक ठेवून कोणी बघितलंच नव्हतं. ६३ मिलीमीटरचे पीव्हीसी पाइप आडवे टाकले, दोन्ही टोकं कर्बच्या फूटभर बाहेर, तोंडं बांधलेली. जास्तीचा एक पाइप रिकामाच सोडला, पुढे कधी काही न्यायचं झालं तर. मजुरी आणि मोडलेले पेव्हर मिळून साडेचार हजार गेले.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. एकच मूळ फाइल, त्यात लेव्हल, पाणी, वीज, पायवाट, झाडं वेगवेगळ्या लेयरवर. साइटवर काही खोदायच्या आधी सगळे लेयर एकदम चालू करून एक प्रिंट. आणि नवी प्रिंट दिली की जुनी हातातून परत घ्यायची. दोन्ही राहिल्या तर मिस्त्री जी खिशात आहे तिच्यावर काम करतात, त्यात त्यांची काय चूक?

२७ मे, रोपं

कॉलनीच्या मंडळाला कुंपणाला कोनोकार्पस हवा होता. भराभर वाढतो, वर्षभर हिरवा राहतो, स्वस्त मिळतो. शेजारच्या गुजरातेत २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आली, मुळं पाइपांमध्ये आणि गटारांमध्ये घुसतात आणि फुलोऱ्याच्या परागांचा श्वासाला त्रास होतो या कारणांनी. हे बैठकीत सांगितलं, आणि मेंदीचं कुंपण सुचवलं. मेंदीला पाणी कमी लागतं, छाटणी सोसते, गुरं तोंड लावत नाहीत. एक काकू म्हणाल्या, 'पानं तरी उपयोगी पडतील.' तिथे विषय मिटला.

मधल्या लॉनवरही बोलणं झालं. मंडळाला ३०० चौरस मीटर हवं होतं. मेमध्ये चौरस मीटरला रोज सात लिटर धरलं तरी दिवसाला २,१०० लिटर होतात, म्हणजे पाच हजारांचा टँकर दर अडीच दिवसांनी. आकडा फळ्यावर लिहिल्यावर लॉन मंदिरापुढे ६० चौरस मीटरवर आलं. बाकी जागेत मुलांना खेळायला दाबलेला मुरूम आणि कडेने आधीपासून असलेली हरळी.

रोपं घेताना पिशवी बाजूला करून मुळं बघितली. ज्यांची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली होती ती उंच असली तरी नाकारली. आंध्रातल्या कडियमच्या बाजूने येणाऱ्या रोपांचे गोळे लाल मातीचे असतात. काळ्या जमिनीत असा गोळा वेगळाच राहतो, बाहेर चिखल आणि आत कोरडं, मुळं बाहेर येत नाहीत. इथल्याच नर्सरीतली, काळ्या मातीत वाढवलेली, कमरेएवढी रोपं घेतली. करंज, बहावा, कांचन, आपटा, पारिजातक, मंदिरामागे एक बेल.

जास्वंद फक्त दोन, पूजेसाठी. कॉलनीला लागून कपाशीची शेतं आहेत आणि कपाशीवरचा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर मजेत राहतो. रांगच्या रांग लावली की आपण त्याची सोय करून देतो.

५ जून, ठिबक

फिटरदादा यावलचे, केळीच्या शेतात ठिबक टाकण्यात आयुष्य गेलेलं. सरळ ओळी, पाच बाय पाच फूट, डोळे मिटून करतील. पण इथे कुंपण वळतं, झाडांची अंतरं वेगळी. त्यांच्याकडून जोडणी शिकले: नळीला भोक नेहमी वरच्या बाजूने, ग्रोमेट (भोकात बसवायची रबरी कडी) आधी पाण्यात बुडवून, नळीचं टोक दुमडण्यापूर्वी सगळी घाण वाहू द्यायची.

कुंपणाला ९० मीटर सलग नळी टाकली होती, १६ मिलीमीटर, दर ४० सेंटिमीटरला ताशी चार लिटरचं छिद्र. सुरुवातीला आणि शेवटी नळीखाली बाटल्या ठेवून पंधरा मिनिटं मोजलं. लिटरभर यायला हवं. सुरुवातीला ९४० मिली, शेवटी ५२०. शेवटची मेंदी वर्षभर अर्धपोटी राहिली असती आणि सगळ्यांनी रोपांना दोष दिला असता. नळी मधोमध तोडून पाणी मध्यातून दिलं, दोन्ही बाजूंना ४५ मीटर. पुन्हा बाटल्या: ९३० आणि ८७०. खर्च एक टी, दोन जॉइनर आणि थोडी सबमेनची (ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणारी) नळी.

बाटल्यांची ही चाचणी नळ्या मातीने झाकण्यापूर्वीच करा. बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे छिद्रांवर पांढरी खपली धरणार. दोन्ही टोकांना उघडता येणारी बुचं ठेवली.

१४ जून, पहिला मोठा पाऊस

चर नैर्ऋत्य कोपऱ्याकडे ४० मीटर, त्यात २० सेंटिमीटर उतार. पाऊस सुरू झाल्यावर छत्री घेऊन साइटवर गेले. पाणी चराच्या मध्यावर थांबून पसरायला लागलेलं.

नाना नावाचे एक गृहस्थ आधीच तिथे उभे होते. साक्री तालुक्यातले, पांझरेवरच्या फडाच्या शेतीत वाढलेले. फडात नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी पाटातून आणि चाऱ्यांमधून नुसत्या उताराने शेतात फिरतं, पंप नाही की मोटर नाही. म्हणाले, 'पानी वरतून येस नि आठेच (इथेच) थांबस, बेटा.' मग फावडं मागितलं. चप्पल काढून पाण्यात उतरले, पाय न उचलता तळवा चराच्या तळावरून घासत चालत गेले, आणि एका जागी थांबून टाच दाबली. तिथे उंचवटा होता. पाण्याखाली दिसत नव्हता, नळीने मोजला तर चार सेंटिमीटर. खोदलेली माती पलीकडे नेताना मजुरांची पायवाट नेमकी तिथून गेली होती आणि सांडलेली माती दाबली गेली होती. नानांनी फावड्याने चार सपके मारले आणि पाणी धावलं.

मी चराची लेव्हल खोदाई झाल्या दिवशी घेतली होती, सगळी कामं संपल्यावर नाही. चराची शेवटची लेव्हल नेहमी शेवटी घ्या, आणि पहिल्या पावसात तिथे हजर राहा. कोपऱ्यातल्या खळग्यात वाळा आणि कर्दळ लावली, जास्तीचं पाणी रस्त्याकडेच्या गटारात जायला पाइप ठेवला.

२८ जुलै, मर

२२ झाडांपैकी पाच गेली, त्यातली चार खालच्या कोपऱ्याजवळची. उपटून बघितली तर मुळं काळी, वास येणारी. त्या खड्ड्यांमध्ये शेणखत, वाळू आणि पोयटा मिसळून भुसभुशीत भरण केली होती. भोवतीची काळी माती पाणी सोडत नाही, म्हणून पाऊस पडला की तो खड्डा बादलीसारखा भरून राहतो.

नवी झाडं लावताना खड्डा उथळ, तळ न उकरता, भरण साठवलेल्या त्याच काळ्या मातीची, खत फक्त वरच्या थरात. रोपाची मान भोवतीच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच, चारही बाजूंनी उतरता उंचवटा. एक महिना झाला की अंदाज येईल. वरच्या बाजूची झाडं मात्र जोरात आहेत, बहाव्याला नवी पालवी आली.

६ सप्टेंबर, ताबा

प्रत्यक्षात जसं झालं तसं ड्रॉइंग पूर्ण केलं: जमिनीखालच्या पाइपांची जागा ओट्याच्या कोपऱ्यापासूनच्या मापांसह, व्हॉल्व्ह कुठे, रिकामा पाइप कुठे. एक प्रत मंडळाला, एक लॅमिनेट करून मंदिरातल्या कपाटात. माळीमामांसाठी वेगळा एकपानी कागद, मोठ्या अक्षरात: पावसाळा संपला की ठिबक कधी, किती वेळ, पंधरा दिवसांनी बुचं उघडून नळ्या धुवायच्या, फिल्टर दर आठवड्याला. माळीमामांनी वाचून सांगितलं की एका दमात दोन तास पाणी सोडलं तर ते पायवाटेवर येतं. म्हणून सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास असं केलं.

चारही कोपऱ्यांतून दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढायचे ठरले आहेत, त्या जागांवर कर्बला रंगाचा ठिपका दिला. बदललेल्या पाच झाडांपैकी चार धरली. पाचवं, बेलाच्या बाजूचं कांचन, अजून पानं गाळतंय. ऑक्टोबरच्या उन्हात त्याला गोणपाटाच्या आडोशाची सावली करायची आहे, ते काम मी आणि माळीमामा रविवारी करणार.